दावा आणि डाग

जीप उभी करायला छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत जागा नाही; जीपचे कागद ठेवायला मात्र एक कपाट पुरतं. जुन्या मासिकांतल्या जाहिराती, गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, दुकानांवरच्या इनॅमलच्या पाट्या, चासी क्रमांकाच्या पट्ट्या असा तो ऐवज आहे. इंदुरात जुन्या मोटारींचा विषय निघाला की गाडी यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गवर जाते, आणि तिचा मान तेवढा आहेच. लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली ती केशरी-काळी गाडी जगभरच्या पुस्तकांत आहे, तिची काळजी घ्यायला जग समर्थ आहे. पण माळव्याच्या काळ्या चिखलातून तहसीलदाराला, गुरांच्या डॉक्टरला आणि मतपेट्यांना घेऊन गेलेल्या जीपचे कागद किलोच्या भावाने रद्दीत जातात. ते वाचवावेत असं मला मनापासून वाटतं.

हाती आलेल्या कागदाचं वय आधी काढावं लागतं. जाहिरातीवर तारीख क्वचितच असते, पण खुणा असतात. किंमत आण्यांत असेल तर कागद बहुधा 1957च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर तो 1972च्या ऑगस्टनंतरचा. कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असेल तर श्वास रोखून बघावं. ही कंपनी 1945 मध्ये लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी निघाली, 1947 मध्ये विलीज जीपच्या जुळणीकडे वळली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात अर्थमंत्री झाल्यावर 1948 मध्ये तिचं ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. म्हणजे जीप आणि ते जुनं नाव एका कागदावर येण्याचा काळ किती थोडा! आमच्या भागाची खूण आणखी निराळी. विक्रेत्याच्या शिक्क्यात ‘इंदूर, म. भा.’ असेल तर तो मध्य भारत राज्याचा काळ, 1948 ते 1956. नोव्हेंबर 1956 पासून त्या जागी ‘म. प्र.’ आलं. माझ्याकडच्या एका पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असा जांभळा, थोडा तिरका शिक्का आहे. आतले इंजिनचे नकाशे अमेरिकेतले, पण त्या शिक्क्यामुळे पुस्तिका आमच्या गावची झाली.

अस्सल आणि नक्कल हे भिंगाखाली कळतं. जुन्या छपाईत रंग म्हणजे ओळीत बसलेले बारीक ठिपके. गुलाबी, निळे, पिवळे आणि काळे ठिपके आपापल्या कोनात, मिळून लहान लहान फुलांसारखी नक्षी. जाहिरातीतल्या जीपच्या मडगार्डवर भिंग धरलं की हिरवा रंग नाहीसा होतो आणि हे ठिपके वर येतात. अलीकडे घरगुती प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत ठिपके वाटेल तसे उडालेले असतात, किंवा त्यात मूळ छपाईची नक्षी फोटोत घेतल्यासारखी पुसट दिसते. मग पान उलटायचं. मासिकातून आलेल्या पानाच्या मागे काहीतरी छापलेलं असतंच: अर्धी गोष्ट, साबण, विम्याची कंपनी. मागची बाजू कोरी असेल तर मी विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारतो. चौकटीत बसावी म्हणून जाहिरात कडेने कापणारे लोक मला पाहवत नाहीत. मासिकाचं नाव आणि महिना बहुतेक वेळा त्या कापलेल्या पट्टीतच असतो.

युद्धकाळातल्या विलीजच्या जाहिराती हा या छंदातला सगळ्यांत देखणा भाग. जेम्स सेशन्स या चित्रकाराने त्या रंगवल्या. पाणी उडवत, धुरातून, उतारावरून झेपावणाऱ्या जीपगाड्या. रंगात एवढा वेग क्वचितच पाहायला मिळतो. पण या सुंदर चित्रांखालच्या मजकुराचा रोख असा, की जीप घडवली ती विलीजने. खरी हकिगत अशी की पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने, कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून, 49 दिवसांत पहिली गाडी तयार केली आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी लष्कराच्या हवाली केली. बँटमची कुवत कमी म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्डकडे गेलं. 1943 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विलीजच्या या जाहिरातींविरुद्ध तक्रार दाखल केली आणि 1948 मध्ये निर्णय दिला: जीपची कल्पना बँटमची आणि लष्करी अधिकाऱ्यांची, विलीजने तिच्या विकासात हातभार लावला एवढंच म्हणावं. तरी 1950 मध्ये ‘जीप’ हे नाव नोंदलं गेलं ते विलीजच्याच नावावर, आणि बँटमच्या वाट्याला ट्रेलर बांधणं आलं. म्हणून माझ्या कपाटात सेशन्सच्या चित्राच्या पाठीशी या निर्णयाचं टिपण ठेवलेलं असतं. जाहिरात हा दावा आहे. तो जपायचा तर त्याचा निकालही जपला पाहिजे.

दाव्याच्या दुसऱ्या टोकाला वापरलेल्या पुस्तिका. सीजे-थ्री-बी या जीपचं बॉनेट उंच का, हे जाहिरात सांगत नाही, पुस्तिकेतला छेद सांगतो: 1953च्या या मॉडेलात बसवलेल्या हरिकेन इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनची उंची वाढली, आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं. आपल्याकडे तो चेहरा पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर राहिला. माझ्या प्रतीत नेमकं व्हॉल्व्हच्या फटीचं पान काळं आहे. ग्रीसचा पूर्ण अंगठा, रेषांसकट. समासात पेन्सिलीने एक आकडा, छापील आकड्यापेक्षा जरा निराळा. कुणा मिस्त्रीने आपल्या अनुभवाने केलेली ती दुरुस्ती आहे. लोहामंडीकडच्या एका उस्तादाला ते पान दाखवलं तेव्हा त्याने आधी तो आकडा वाचला, मग म्हणाला, “भिया, इसने गाड़ी गरम करके नापी है।” छापलेला मजकूर त्याने पाहिलाही नाही. ते वाक्य मी त्याच दिवशी तारखेसह लिहून पुस्तिकेत ठेवलं.

म्हणून डाग पुसायचे नाहीत. धूळ मऊ ब्रशने झटकायची, गंजलेल्या पिना अलगद काढायच्या, आम्ल नसलेल्या कागदात पान ठेवायचं, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कपाट उघडून वारा द्यायचा. लॅमिनेशन कधीच नाही. त्या उष्णतेने आणि गोंदाने कागदाचा परतीचा रस्ता बंद होतो. इनॅमलच्या पाटीचा टवका उडालेला असेल तर रंग भरायचा नाही, गंज वाढू नये एवढंच पाहायचं. स्क्रूच्या भोकाभोवतीची झीज पाटी खरंच भिंतीवर होती याची साक्ष देते.

सध्या माझं लक्ष जबलपूरच्या जोंगाकडे आहे. निसान पेट्रोलवरून घेतलेली ही गाडी 1969 पासून तिथल्या वाहन कारखान्यात लष्करासाठी बनली, त्यामुळे दुकानदारी जाहिरात तिच्या वाट्याला फारशी आलीच नाही. तिचा इतिहास शोधायचा तर लॉगबुक, लिलावाच्या याद्या आणि चालवणाऱ्यांच्या आठवणी यांतूनच. महूकडे अशी माणसं आहेत. त्यातल्या एका निवृत्त हवालदारांनी जुनं लॉगबुक दाखवायचं कबूल केलं आहे. ते द्यायचं नसेल तर तिथेच बसून पानं उतरवून घ्यायची माझी तयारी आहे.