खरंच लागलंय का?

रग्बी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. चिखल, एकमेकांवर पडलेली दहा-बारा धिप्पाड माणसं आणि त्या ढिगाऱ्याखाली कुठंतरी एक अंडाकृती बॉल. माझंही ज्ञान एवढंच होतं. पण माझा मावसभाऊ सिडनीच्या पॅरामॅटा भागात राहतो. दोन वर्षं फोनवरून त्याने माझं या विषयाचं बौद्धिक घेतलं आणि आता मी रग्बी लीगचा पक्का प्रेक्षक झालोय (आमच्या हॉस्टेलमधला बहुधा एकमेव!). तिकडे थंडीत रविवारी दुपारी चारला सुरू होणारी मॅच आपल्याकडे साडेअकराला लागते. म्हणजे मेसच्या फीस्टची रांग लागेपर्यंत मॅच जवळजवळ संपते. सोयीचा खेळ आहे!

मित्रहो, या लेखात मी कुणाला नियम शिकवणार नाही. मला बोलायचं आहे ते मैदानावर पडून राहणाऱ्या माणसाबद्दल. पण तो का पडून राहतो हे कळायला थोडी थिअरी लागेल. व्हायव्हाला विचारणार नाही, काळजी नसावी.

रग्बी दोन प्रकारची, युनियन आणि लीग. ही फाळणी झाली 1895 साली, उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलमध्ये. तिकडचे खेळाडू म्हणजे गिरणीत आणि खाणीत राबणारी माणसं. शनिवारी मॅच खेळायची तर मजुरी बुडायची. ती क्लबने भरून द्यावी एवढीच मागणी होती. खेळातल्या सुखवस्तू मंडळींना ते पटलं नाही आणि उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. त्यातून पुढे 13 खेळाडूंची रग्बी लीग तयार झाली, आणि 1908 पासून सिडनीत तिची स्पर्धा सुरू झाली. थोडक्यात, हा कष्टकऱ्यांचा खेळ. अंगमेहनत, सहनशक्ती आणि रडगाणं न गाणं हे त्याच्या रक्तातच आहे.

आता खेळ. बॉल घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी धरून पाडलं की झाला एक टॅकल. कबड्डीतली पकडच समजा, फक्त पकडणारे शंभर-शंभर किलोचे आणि 'रेडर' सुसाट पळत आलेला! पडलेला खेळाडू उठतो, पायाने बॉल मागे सरकवतो, खेळ पुढे सुरू. असे सहा टॅकल झाले की बॉल समोरच्यांना द्यायचा. म्हणजे प्रत्येक टॅकल मोलाचा. अशात पेनल्टी मिळाली तर? बॉल लाथेने उडवून तीस-चाळीस मीटर पुढे मैदानाबाहेर घालवायचा आणि तिथून नव्याने सहा टॅकल घ्यायचे. किंवा सरळ गोलवर किक मारून दोन गुण खिशात टाकायचे. दोन गुणांनी निकाल लागलेल्या मॅच काही कमी नाहीत.

म्हणून पेनल्टी मिळवण्याची एक स्वतंत्र कलाच जन्माला आली. ऑस्ट्रेलियात तिला झकास शब्द आहे. ते म्हणतात, अमक्याने पेनल्टीचं 'दूध काढलं'! काही जण खाली पडल्यावर पकडणाऱ्याचाच हात धरून ठेवतात, म्हणजे रेफरीला वाटावं की हाच उठू देत नाहीये. किक मारणारा खेळाडू किक मारून झाल्यावर नुसता धक्का लागला तरी कापलेल्या झाडासारखा कोसळतो. आणि सगळ्यात वादग्रस्त प्रकार म्हणजे मान-डोक्याच्या आसपास हात लागला की डोकं धरून पडून राहायचं. उठायचंच नाही. ट्रेनर धावत येतो, खेळ थांबतो, मोठ्या स्क्रीनवर रिप्ले दिसतो, पेनल्टी मिळते... आणि अर्ध्या मिनिटात गडी ताजातवाना!

स्टेडियममध्ये यावर जी हुर्यो उडते ती ऐकण्यासारखी असते. फुटबॉलमध्ये हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला बॉल लागला आणि तो तोंड धरून लोळला, समोरचा तुर्की खेळाडू बाहेर गेला. रिवाल्डोला नंतर दंड झाला, पण वर्ल्ड कप ब्राझीलनेच नेला. रग्बी लीगवाले याच गोष्टीवरून फुटबॉलवाल्यांना हिणवत आले. त्यामुळे तेच खूळ आपल्या घरात शिरलेलं बघून त्यांना जास्त लागतं.

लागणारच. कारण त्यांच्या दंतकथा ऐका. 1958 साली ब्रिस्बेनला दुसरी टेस्ट चालू होती. ग्रेट ब्रिटनचा कर्णधार अ‍ॅलन प्रेस्कॉट याचा हात सामन्याच्या सुरुवातीलाच मोडला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. तो मोडक्या हाताने शेवटपर्यंत खेळला आणि त्याचा संघ 25-18 असा जिंकला. 1970 च्या सिडनीतल्या ग्रँड फायनलमध्ये साऊथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा पहिल्या दहा-एक मिनिटांतच एका ठोशाने फुटला. त्याने सहकाऱ्यांना काय सांगावं? मला धरून उभं करा, समोरच्यांना कळता कामा नये. आणि फुटक्या जबड्याने पूर्ण मॅच खेळून 23-12 ने जिंकून दिली. अलीकडचंच बघायचं तर 2014 ची फायनल सॅम बर्जेस गालाचं हाड मोडलेल्या अवस्थेत खेळला, आणि 2018 ची कूपर क्रॉन्क खांद्याच्या मोडलेल्या हाडासह. दोघांचेही संघ जिंकले.

अशा घरात न लागलेला माणूस डोकं धरून झोपतो म्हटल्यावर जुनी मंडळी चिडणार नाहीत तर काय?

पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कष्टकऱ्यांच्या या खेळातली माणसं अचानक खोटारडी झाली का? मला तसं वाटत नाही. आपण इंजिनिअर लोक. मशीन बिघडलं तर आधी डिझाइन बघायचं, ऑपरेटरला शिव्या नंतर. डिझाइन असं की 2016 मध्ये एनआरएलने 'बंकर' सुरू केला. सिडनीत एका खोलीत पडदेच पडदे, तिथे बसून अधिकारी रिप्ले बघतात. मैदानावर 2009 पासून दोन रेफरी होते, 2020 मध्ये त्यांतला एक कमी झाला. आता एका रेफरीने 26 माणसांकडे कसं बघायचं? उंच टॅकल त्याच्या नजरेतून सुटला तर? पण खेळाडू पडून राहिला, खेळ थांबला, की बंकरला निवांत बघता येतं. म्हणजे गंमत बघा. प्रामाणिकपणे लगेच उठून खेळणाऱ्याला काही मिळत नाही, झोपून राहणाऱ्याला पेनल्टी मिळते. फाउल दोघांवरही तोच झालेला असतो!

त्यात भर म्हणजे डोक्याच्या संरक्षणाचे नियम कडक झाले. मे 2021 मध्ये ब्रिस्बेनला आठ सामन्यांच्या 'मॅजिक राऊंड'मध्ये रेफरींनी 3 खेळाडूंना कायमचं आणि 14 जणांना दहा-दहा मिनिटांसाठी बाहेर काढलं. हेतू शंभर टक्के चांगला. पण आता पडून राहण्याचं बक्षीस आणखी वाढलं. समोरचा एक माणूसच कमी होण्याची शक्यता! जी गोष्ट वाचवायला नियम केला, ते डोकंच पेनल्टी मिळवण्याचं सगळ्यात सोयीचं हत्यार झालं.

इथं विनोद संपतो. कारण डोक्याला बसणारा मार हा तुटलेल्या हातासारखा नसतो. हाताचा एक्स-रे काढता येतो. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, साध्या स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. गरगरतंय का, दोन दिसतायत का, कुठली मॅच चालू आहे हे आठवतंय का, अशा प्रश्नांवरून आणि छोट्या चाचण्यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. म्हणजे इथे खेळाडू स्वतःच सेन्सर आहे. आणि सेन्सरच खोटा अलार्म द्यायला लागला तर काय होतं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. लॅबमधला फायर अलार्म आठवड्यातून तीनदा उगाच वाजला की चौथ्यांदा आपण मान वर करतो का? लांडगा आला रे आला ही गोष्ट दुसरं काय सांगते!

याचा अनुभव मी आमच्याच हॉस्टेलमध्ये घेतलाय. सेकंड इयरला सबमिशनच्या आठवड्यात माझ्या रूममेटला ताप आला. तो सरांकडे मुदत मागायला गेला. त्या आठवड्यात सरांच्या टेबलावर चार मेडिकल सर्टिफिकेट आधीच पडली होती. त्या चौघांपैकी दोघं आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये क्रिकेट खेळत होते हे अख्ख्या विंगला माहीत. सरांनी याच्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "तुलाही आजच ताप आला का रे?" तो काही न बोलता परत आला आणि दोन रात्री बसून जर्नल पूर्ण केलं. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. डेंग्यू होता. पाच दिवस अ‍ॅडमिट, गावाहून त्याचे आई-वडील आले. आता धडधाकट आहे. पण मला सरांचा राग आला नाही. त्यांच्या जागी कुणीही असतं तर तेच म्हणालं असतं. त्या चौघांनी सरांना फसवलं हे खरं, पण त्याची किंमत पाचव्याने मोजली.

रग्बीत पडून राहणाऱ्या माणसाबद्दल माझी तक्रार हीच आहे. तो दोन गुण चोरतो, ठीक आहे. उद्या त्याच मैदानावर एखादा खरोखर भान हरपून पडेल, तेव्हा हजारो लोक "ऊठ रे नाटक्या" म्हणून ओरडतील. त्याच्या वाट्याचा विश्वास याने आधीच खर्चून टाकलेला असतो.

आणि आता थोडं धाडसाचं बोलतो. मावसभावाशी यावरून माझं भांडण झालंय. तो सॅटलरचा भक्त. मला वाटतं, न लागता लोळणारा आणि जबडा फुटून हसणारा, दोघंही अलार्म चुकीचाच देतात. एक म्हणतो "लागलंय", दुसरा म्हणतो "काही नाही झालं". पहिल्याला आपण हुर्यो देतो, दुसऱ्याचा जयजयकार करतो. मोडलेला हात घेऊन खेळणाऱ्याला मीही सलाम करतो, हाड जुळून येतं. पण तीच मर्दुमकी मेंदूच्या बाबतीत दाखवली तर? 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दोन माजी लीग खेळाडूंच्या मेंदूत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी हा आजार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. यातला कुठलाच मार टीव्हीवर ओरडून सांगत नाही.

म्हणून मला अलीकडचे नियम आवडतात. 2021 पासून ट्रेनरने जखमी खेळाडूसाठी खेळ थांबवायला लावला तर त्या खेळाडूने एक तर बदलीला जागा द्यायची, नाही तर निदान दोन मिनिटं बाहेर बसायचं. झोपायचं तर झोप, पण फुकट नाही! 2022 पासून बंकरमध्ये स्वतंत्र डॉक्टर बसतो. त्याला क्लबच्या हारजितीशी देणंघेणं नाही. त्याला संशय आला की खेळाडूने "मी ठीक आहे" म्हटलं तरी त्याला तपासणीला बाहेर यावं लागतं. आणि 2023 पासून कन्कशनचं निदान झालं तर साधारणपणे किमान 11 दिवस खेळायचं नाही. पहिला नियम नाटक्यासाठी, पुढचे दोन हिरोसाठी. नाटकं अजून बंद झालेली नाहीत. तरी दिशा बरोबर वाटते. माणसाला साधू बनवण्यापेक्षा खोटं बोलणं महाग करणं सोपं असतं.

बाकी प्रेक्षकांसाठी कुठलाच नियम नाही. तिथे आपलं आपणच ठरवायचं. मी एक ठरवलंय. कुणी डोकं धरून पडला की रिप्ले दाखवेपर्यंत हसायचं नाही. शंभरातले नव्वद मला मूर्ख बनवतील, बनवू देत. उरलेल्या दहांना त्या क्षणी टिंगल नको असते, डॉक्टर हवा असतो.