शरदातली हाक

भाद्रपद सरत आला की पुण्याच्या टेकड्यांवरची माती वरून कोरडी दिसते, पण आत ओल धरून असते. गवत उंच होऊन पिवळसर झालेले, पहाटे त्यावर दव. इथून कोण कोण गेले ते सारे त्या ओलीत उरलेले असते: मुंगूस, मोर, भटक्या कुत्र्यांची एखादी टोळी. आपल्याला त्यातले काही उमगत नाही. दमट हवेत वास जमिनीलगत रेंगाळतो, आणि आमची कुत्री बिट्टी नाक खाली घालून चालू लागली की तिच्या लेखी मी, वाट, वेळ, सगळेच मागे पडते. अशा सकाळी तिला हाक मारावी आणि तिने ते सगळे सोडून माझ्याकडे यावे, ही लहान मागणी नाही. म्हणूनच शरद हा मला कुत्र्याच्या शिक्षणाचा खरा ऋतू वाटतो.

पावसाळ्यात हे शिक्षण बहुतेक घरातच चालते. फिरणे आखूड होते, पाय पुसणे लांबते. ‘बस’ म्हटले की बसायचे, ‘थांब’ म्हटले की उंबऱ्याशी थांबायचे, ‘ये’ म्हटले की स्वयंपाकघरातून पळत यायचे, हे सारे चोख होते. पण कुत्र्याचे शिकणे जागेला धरून असते. दिवाणखान्यात पक्के झालेले ‘ये’ टेकडीवर आपोआप येत नाही. तिथे ते जवळजवळ पहिल्यापासून शिकवावे लागते. तिला त्याबद्दल हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. भिंतींच्या आत ऐकलेला शब्द मोकळ्या आभाळाखाली तिच्यासाठी वेगळा असतो.

म्हणून आमची उजळणी सुरू होते. पट्ट्याला लांब, हलकी दोरी, खिशात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे. आधी चार पावलांवरून हाक, मग झाडाआडून, मग ती एखादा वास घेत असताना. ती वळली की त्याच क्षणी शाबासकी आणि पाठोपाठ खाऊ. हा क्षण फार मोलाचा. एक-दोन सेकंदांपलीकडे उशीर झाला तर बक्षीस नेमके कशाचे, हे तिला कळत नाही. इव्हान पावलोव्हना 1904 साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण खाणे देणारा माणूस दिसताच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत ध्यानात आले आणि शिकण्याच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. पुढे फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 सालच्या ग्रंथात बक्षिसांच्या वेळापत्रकांचा अभ्यास मांडला. सवय पक्की झाल्यावर बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून दिले, तर ती अधिक टिकते. म्हणून शिकवताना हात सढळ ठेवायचा आणि शब्द रुजला की खाऊ हळूहळू विरळ करायचा. शाबासकी मात्र कधीच विरळ करायची नाही.

आणि बोलावून झाल्यावर तिला पुन्हा सोडायचे. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हाक म्हणजे खेळ संपला, हाक म्हणजे साखळी, हाक म्हणजे आंघोळ, असे एकदा तिच्या मनात बसले की तिने का यावे? ती धावत येते, खाऊ घेते, क्षणभर मानेवरून हात फिरवून घेते, आणि मी म्हणते, ‘जा.’ तो वास तिची वाट पाहत तिथेच असतो. माझ्याकडे येण्यात काही गमावले नाही, हे तिला परत परत अनुभवायला मिळाले पाहिजे.

या ऋतूच्या स्वतःच्या काही शिकवण्याही आहेत. ऑक्टोबरचे ऊन चढले की कुत्र्याला मुख्यत्वे धापा टाकून अंग थंड करावे लागते. तेव्हा धडा सकाळीच आणि थोडकाच. गवताची कुसळे पंजाच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, पावसाळ्यानंतर गोचिडांचा त्रास असतो. म्हणून ‘पाय दे’ हा केवळ पाहुण्यांना दाखवायचा खेळ नव्हे. पाय दिला की बोटे फाकवून बघू देणे, कान उलटू देणे, हेही शांतपणे, खाऊ देत शिकवावे लागते. भादव्यापासून रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा काळ असतो. शहाणा नरसुद्धा तेव्हा मालकाचा राहत नाही. अशा दिवसांत दोरी काढायची घाई करू नये.

याच सुमारास फलटणकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरतात. वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तांड्याबरोबर, घोडी असतात, पोरेबाळे असतात आणि कुत्री असतात. रात्री मेंढरे शेतात बसली की लांडग्यावर लक्ष कुत्र्यांचे. ‘बस’ आणि ‘थांब’चे धडे त्यांना कुणी दिलेले नसतात. ती पिल्लूपणापासून कळपातच वाढतात, आणि त्या सहवासातून काम अंगी मुरते. शहरात आपण सकाळच्या वेळात जे करू पाहतो, ते तिथे अख्ख्या दिवसाने होते. सहवास हाच शिक्षणाचा पाया आहे, खाऊ ही त्यावरची भर.

या सहवासाऐवजी मार देऊन शिकवणाऱ्यांना मी महाभारताच्या आदिपर्वातली सरमेची कथा सांगते. जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रे आले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. त्याची आई सरमा राजाला जाब विचारायला आली. माझ्या मुलाचा अपराध काय, असे तिने विचारले आणि कुणापाशी उत्तर नव्हते. तिने शाप दिला, की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. मार खाल्लेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत मी तेच भय पाहिले आहे. आज्ञा पाळताना ते मालकाकडे बघत नाही, त्याच्या हाताकडे बघते.

भयाचा विषय निघाला की दिवाळी दूर नसते. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि सुतळी बॉम्ब कधी फुटणार हे त्याला कुणी सांगत नाही. बिथरलेली कुत्री दार उघडे सापडताच पळतात आणि हरवतात. म्हणून आम्ही दसऱ्याच्या आधीच फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हलक्या आवाजात लावू लागतो. आपल्या सतरंजीवर ‘जागेवर’ बसायचे, खाऊ चघळायचा. आवाज रोज किंचित वाढवायचा आणि ती कावरीबावरी झाली की लगेच उतरवायचा. भ्यायलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्य नाही. ती कुशीत आली तर तिला घ्यावे. नेपाळात याच दिवसांत येणाऱ्या तिहारच्या सणात एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. आपल्याकडेही त्या दिवसांत त्यांना इतके निर्भय ठेवता आले, तर दिवाळी अधिक उजळेल.

लोक विचारतात, एवढे कशासाठी? बिट्टी वाहनांच्या रस्त्याकडे धावेल, फुटक्या बाटलीच्या काचांकडे जाईल, धुरात आणि धडाक्यात वाट चुकेल, तेव्हा माझ्यापाशी फक्त एक शब्द असणार आहे. तो ऐकून ती वळली तर जगेल. तेवढ्यासाठी तो शब्द रोज खरा ठेवायचा: रागात उच्चारायचा नाही, फसवण्यासाठी वापरायचा नाही, आणि त्याला ओ देऊन ती आली की तिचे भले झाल्याशिवाय राहू द्यायचे नाही. हे नियम तिच्यापेक्षा मलाच अधिक पाळायचे आहेत.