डाव्या हाताचं पिस्तूल

पिस्तूल बिघडलंय हे कितीतरी आठवडे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भाचीचाच नेम ढळला, असं सगळे धरून चालले होते. ताई म्हणाली, दहावीचं टेन्शन असेल. नेमबाजीचे सर म्हणाले, श्वास लवकर सोडतेस. ती मला फोनवर एकदाच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, माह्या हातातच काही खोट आली काय?" एवढ्याशा पोरीला स्वतःच्या हाताबद्दल असं विचारावं लागावं, याचा मला अजून राग येतो.

10 मीटर एअर पिस्तुलाचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं. नळीखालच्या सिलिंडरात 200 बारपर्यंत दाबलेली हवा असते. शॉटगणिक तो दाब उतरत जातो, पण छऱ्याला मागून बसणारा रेटा पहिल्या शॉटपासून शेवटच्यापर्यंत सारखा राहावा लागतो, आणि ते काम रेग्युलेटरचं. तिच्या पिस्तुलाचा रेग्युलेटरच दगा देत होता. मनगट स्थिर, साईट जागेवर, ट्रिगर हळुवार दाबलेला, तरी मधूनच एखादा छर्रा काही मिलिमीटर खाली उतरायचा आणि दहाचा नऊ व्हायचा. शेवटी सरांनी पिस्तूल टेबलावर टेकवून स्वतः शॉट मारून पाहिले. छर्रे तसेच खाली गेले. दोष यंत्रात निघाला त्या संध्याकाळी ती पोटभर रडली, आणि ताई म्हणते, त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

मग सुरू झालं वाट पाहणं.

अमरावती-अकोल्याच्या माणसाला 'हे इथं दुरुस्त होत नाही' हे वाक्य पचत नाही. हा जिनिंग-प्रेसिंगचा मुलूख. फवारणीचा पंप असो की विहिरीवरची मोटर, गावातला मिस्त्री ती खोलतो आणि चालू करून देतो. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे पूर्वी धावणाऱ्या आमच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं होतं. ते 1994 पर्यंत धावलं. बनवणारे साता समुद्रापार, पण त्याला सत्तर वर्षं चालतं ठेवलं ते इथल्या काळ्या, तेलकट हातांनी. अकोल्याला जाताना मूर्तिजापूर आलं की त्या हातांची मला हटकून आठवण येते.

पण हे पिस्तूल त्या हातांत देता येत नाही, आणि सरांनी मला ते नीट समजावलं. सामन्याआधी प्रत्येक पिस्तुलाची तपासणी होते. ट्रिगरवर निदान 500 ग्रॅमचा भार उचलला गेलाच पाहिजे. आत कुणी हौसेनं कानस फिरवली आणि ट्रिगर किंचित हलका झाला, तर पिस्तूल तिथंच बाद. रेग्युलेटर तर कोंडलेल्या दाबाशी खेळणारा भाग, तिथं अंदाज चालत नाही. म्हणून सिलिंडर रिकामा करून, कागदपत्रं जोडून, ते युरोपात त्याच्या कारखान्याकडे गेलं. तिथून उत्तर येतं ते नम्र असतं, आणि त्यात तारीख नसते.

दुसऱ्याचं पिस्तूल घेऊन सराव कर, असं सांगणारे पुष्कळ भेटले. ती डावखुरी आहे. या पिस्तुलाची लाकडी मूठ तळव्याच्या प्रत्येक उंचवट्याला धरून कोरलेली असते. उजव्या हातासाठी कोरलेली मूठ तिच्या हातात चपलेच्या उलट जोडासारखी बोचते. म्हणून ती घरी भिंतीसमोर उभी राहून नुसतं होल्डिंग करते, साधारण किलोभराचं वजन डाव्या हातात धरून, खांदा थरथरू लागेपर्यंत. मी पाहिलंय ते. तिच्या डोळ्यांत तेव्हा कंटाळा नसतो, शंका असते, आणि तीच मला जास्त छळते. छर्रा सुटल्याशिवाय हात बरोबर होता की चूक, हे तिला सांगणार कोण?

25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ऐन पात्रता फेरीत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. 60 शॉट, 75 मिनिटं. ती दुरुस्तीसाठी बाहेर गेली तरी घड्याळ पळतच राहिलं. 575 गुण झाले, बारावा क्रमांक आला, अंतिम फेरी दोन गुणांनी गेली. आणि लोक बोलले ते पोरीच्या मनाबद्दल: दबाव झेपला नाही म्हणे. 28 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये तिनं त्याच प्रकारात कांस्यपदक घेतलं. सगळे त्या पदकाची गोष्ट सांगतात. माझ्या भाचीनं मला विचारलं ते मधल्या तीन वर्षांबद्दल.

अमरावतीहून अकोल्याला मी ज्या रस्त्यानं जातो, त्याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. इतकी माणसं, इतकी यंत्रं एका कामाला जुंपता येतात, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिलंय. मग पुण्याच्या बालेवाडीत, नाहीतर आमच्या अमरावतीच्या विभागीय क्रीडा संकुलात, कारखान्यानं शिकवून तयार केलेला एक कारागीर आणि सुट्या भागांचं एक कपाट का असू नये? ज्यांच्या घरी दुसरं पिस्तूल आहे, त्यांना या प्रश्नाची झळ लागत नाही. पण ताईनं पहिलंच सोन्याच्या पाटल्या मोडून घेतलं होतं. पोरीच्या सराव करण्याच्या वयातले महिने टपालात जातात आणि राज्य स्पर्धेची तारीख कुणासाठी थांबत नाही, हे मला सहज सोसवत नाही.

परवा कारखान्याचं पत्र आलं: रेग्युलेटर बदलतो आहोत, खर्च मान्य असल्याचं कळवा. उत्तर भाचीनंच लिहिलं. खर्च मान्य असल्याचं एका ओळीत कळवलं आणि खाली एक मागणी केली: दुरुस्तीनंतर पिस्तूल शिकंज्यात पक्कं बसवून त्यातून 10 मीटरवरच्या कागदावर पाच छर्रे मारा, आणि तो कागद पिस्तुलासोबत पाठवा.