काटेरी हलवा : मराठवाड्याच्या घरांतले साखरकाम

तीळ, खसखस, साबुदाणा किंवा बडीशेप यांच्या दाण्यांवर साखरेच्या पाकाची एकावर एक पुटे चढवत जाऊन त्यांना बारीक टोकदार काटे आणायचे, या घरगुती साखरकामाला मराठीत ‘हलवा’ म्हणतात. गाजराच्या किंवा दुधीच्या हलव्याशी त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून जाणत्या बायका ‘काटेरी हलवा’ किंवा ‘संक्रांतीचा हलवा’ असे नेमके नाव घेतात. चवीच्या दृष्टीने पाहिले तर या पदार्थात सांगण्यासारखे फारसे काही नाही, कारण जिभेवर आधी साखर येते, मग पुन्हा साखर येते आणि शेवटी दाताखाली एखादा तीळ किंवा बडीशेप सापडते. तरीही करायला आठवडा लागणारा आणि खायला क्षणही न लागणारा हा पदार्थ नांदेड-लातूरकडच्या शहरांतल्या आणि मोठ्या गावांतल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. याचे कारण त्याच्या गोडीत नसून त्याच्या वापरात आहे : हलवा मुख्यतः खाण्यासाठी केला जात नाही, तो डोक्यावरून ओतण्यासाठी, अंगावर घालण्यासाठी आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी केला जातो, आणि स्त्रीच्या आयुष्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर त्याचे काम बदलत जाते.

दाण्यावर साखर चढवण्याची ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. युरोपात बडीशेप, धणे किंवा बदाम यांवर असाच पाक चढवून केलेल्या गोळ्या सणासमारंभात वाटल्या जात, आणि नाताळच्या इंग्रजी कवितांत मुलांच्या स्वप्नात येणारा ‘शुगरप्लम’ हादेखील मुळात अशाच साखरपुटांच्या गोळ्यांपैकी होता. पोर्तुगिजांनी हा प्रकार जपानला नेला. लुईश फ्रोइश या जेझुइट धर्मोपदेशकाने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला अशा गोळ्यांनी भरलेली काचेची बाटली भेट दिली, आणि पुढे त्यातूनच ‘कोंपेइतो’ ही जपानी मिठाई रूढ झाली, जिचे काटे आपल्या हलव्याच्या काट्यांशी इतके जुळतात की दोन्ही एका बशीत मिसळली तर निवडणे अवघड जावे. तथापि या साम्यावरून हलवा गोव्यामार्गे वर आला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण उसापासून खडीसाखर व शर्करा करण्याची विद्या भारतात पोर्तुगिजांच्या फार पूर्वीपासून होती. निलंगा, देवणी, उदगीर आणि देगलूर या तालुक्यांच्या पलीकडच्या कन्नड मुलखात हाच काटेरी तीळ ‘कुसुरेळ्ळु’ या नावाने संक्रांतीला केला जातो, हा शेजार त्यापेक्षा अधिक बोलका आहे.

या भागात हलव्याचा इतिहास साखरेच्या इतिहासाला बांधलेला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथल्या शेतकरी घरात गोड म्हणजे गूळ हे समीकरण पक्के होते. पांढरी साखर ही पाहुण्याच्या चहापुरती आणि सणापुरती वस्तू होती. निजाम शुगर फॅक्टरी १९३७ मध्ये बोधन येथे उभी राहिली, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या बिलोली-धर्माबाद पट्ट्याला लागूनच. पश्चिमेकडे लातूरची पेठ १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी बाहेरच्या बाजारांशी जोडली गेली होती. तरीसुद्धा महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही अनेक वर्षे साखर नियंत्रणाखाली राहिली, आणि रेशन दुकानातून मिळणारी साखर चहासाठी किती व हलव्यासाठी किती याचा हिशेब संक्रांतीच्या कितीतरी आधी मांडावा लागे. पुढे मांजरा खोऱ्यात सहकारी साखर कारखाने निघाले, उसाचे क्षेत्र वाढले आणि साखर मुबलक झाली. पाणी मात्र तसे झाले नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हा ते ज्या मार्गाने आले तो मिरज-लातूर मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइटचाच रुंद झालेला रस्ता होता. साखरेच्या गोड पदार्थाबद्दल लिहिताना ही गोष्ट टाळणे लबाडीचे होईल.

कृती सांगायला सोपी आहे. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून ते उकळू लागले की चमचाभर दूध घालायचे, म्हणजे साखरेतला मळ दुधाच्या साक्याबरोबर फेसासारखा वर येतो. या फेसाला मळी म्हणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकल्यावरच पाक पांढरा स्वच्छ राहतो. मग तो एकतारी करायचा, म्हणजे बोट आणि अंगठा यांच्यामध्ये धरून बोटे लांबवली असता एक तार निघेल इतका आटवायचा; काही घरांत तो त्याहून किंचित कच्चाच ठेवतात. पाक भांड्यात बसून दाणेदार होऊ नये म्हणून लिंबाचे दोन-तीन थेंब घालण्याची पद्धत आहे, पण इथे हात सैल सुटला तर सगळेच फसते, कारण आंबटामुळे साखरेचे काही प्रमाणात ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते आणि या दोन्ही शर्करा स्फटिक बनू देत नाहीत, शिवाय हवेतला ओलावाही ओढून घेतात. परिणामी हलवा काट्यांऐवजी चिकट होतो.

यानंतरचे काम मात्र शब्दांत मावत नाही. कल्हई केलेली पितळी परात शेगडीवर ठेवायची, खाली निखारे आणि निखाऱ्यांवर राखेचा थर, म्हणजे आच मंद आणि सगळीकडे सारखी लागते. परातीत मूठभर निवडलेली खसखस किंवा तीळ टाकून त्यावर चमच्याने पाकाचे अगदी थोडे थेंब सोडायचे आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे, म्हणजे प्रत्येक दाण्याला पाक लागतो, त्यातले पाणी उडते आणि साखरेचा एक पातळ पापुद्रा मागे राहतो. तो वाळला की पुन्हा थेंब, पुन्हा बोटे. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढुरके दिसतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते ओबडधोबड होतात, आणि त्यानंतर केव्हातरी, करणारीचा हात आणि हवा जमून आली तर, काटे फुटू लागतात. दाण्यावर चुकून आलेला बारीकसा उंचवटा इतर भागांपेक्षा आधी पाकाला भिडतो आणि आधीच वाळतो, म्हणून तो अधिकाधिक वाढत जातो, असे याचे साधे स्पष्टीकरण देता येईल. पण प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही, कारण जपानी भौतिकशास्त्रज्ञ आणि निबंधकार तेरादा तोराहिको याला कोंपेइतोच्या काट्यांनी असेच कुतूहलात टाकले होते. नांदेड-लातूरच्या बायकांनी त्याचे उत्तर वेगळ्या भाषेत दिले आहे : थंडी पडली की हलवा फुलतो, आभाळ आले की बसतो. यात थंडीपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा असावा, आणि म्हणूनच किनारपट्टीच्या दमट हवेपेक्षा मराठवाड्याचा पौष महिना या कामाला अधिक मानवतो. बोटांच्या शेंड्यांना बसणारे चटके हा मात्र कोणत्याही हवेत ठरलेला भाग होता, आणि पाककृतींच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

मुलीची किंवा मुलाची हलव्याशी पहिली भेट बोरन्हाणात होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, केव्हाही लहान बाळाला काळे झबले घालून पाटावर बसवतात, हलव्याचे दागिने घालतात, आणि गावरान बोरे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे, मुरमुरे, रेवड्या व हलवा यांचे मिश्रण त्याच्या डोक्यावरून ओततात. भोवती जमलेली मुले ते लुटतात. बाळाला स्वतःला यातले काहीही आठवत नाही, त्यामुळे हा संस्कार खरे तर लुटणाऱ्या मुलांच्या आठवणीत राहतो. थोड्याच दिवसांनी होळी-पाडव्याच्या सुमारास त्याच मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात. गाठी म्हणजे लाकडी साच्यात दोरा घालून त्यावर घट्ट पाक ओतून केलेली साखरेच्या पदकांची माळ. ती घरी होत नाही, हलवाई भट्टी लावून करतो, आणि गुढीवर चढली की उरलेली चैत्रभर तुकड्यातुकड्यांनी संपते. घरचा हलवा आणि बाजारची गाठी यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो : गाठी मागितली की मिळते, हलवा मोजून मिळतो.

सातव्या-आठव्या वर्षी मुलगी परातीजवळ बसू लागते, पण तिला दाण्यांना हात लावू देत नाहीत. दाणे निवडणे, पाखडणे, राख सारखी करणे आणि परातीच्या कडेला थिजलेली साखर खरवडून खाणे, एवढाच तिचा अधिकार असतो. शिकणे हे असे कडेने होते, आणि प्रमाण विचारले तर ‘अंदाजाने’ हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी प्रामाणिक आहे, कारण थेंब केव्हा सोडायचा हे घड्याळावर नव्हे तर दाण्यांच्या खुळखुळण्यावर ठरते : ओले दाणे परातीत मुके असतात, वाळले की वाजतात.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तोच हलवा अंगावर चढतो. नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचा तन्मणी, बिंदी, वाकी, कंबरपट्टा, नथ आणि मंगळसूत्र घालतात, जावयाला हलव्याचा हार व हलव्याने मढवलेला नारळ देतात, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका दागिन्यांकडे बघून सासर-माहेरच्या हाताची पारख करतात. साबुदाण्यावर केलेला टपोरा हलवा या कामासाठी निवडला जातो व प्रत्येक दाणा पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीत अडकवला जातो. सोन्याच्या दागिन्यांवर लग्नात झालेली घासाघीस ज्या घरांना ठाऊक असते, त्या घरांत साखरेचे दागिने इतक्या निर्मळ कौतुकाने घातले जावेत यात एक विसंगती आहे खरी. पण फुकटात मिळणारे कौतुक कोण नाकारील?

हळदीकुंकवाची दुसरी बाजू अशी की त्याला फक्त सुवासिनींना, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांना, बोलावण्याची रूढी होती. परातीवरचा सर्वांत तयार हात मात्र बहुधा घरातल्या एखाद्या विधवा आत्याचा किंवा आजीचा असे, कारण तिच्याकडे वेळ होता आणि तिच्यावर काम टाकायला कुणाला संकोच वाटत नसे. हलवा तिने करायचा आणि तो वाटला जात असताना तिने आतल्या खोलीत थांबायचे, ही व्यवस्था अनेक वाड्यांत बिनबोभाट चालली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले, त्यानंतर मराठवाड्यातही सर्व स्त्रियांना बोलावणारी हळदीकुंकवे होऊ लागली आहेत. हलव्याच्या इतिहासात ही नोंद पाककृतीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

हेही स्पष्ट करावे लागेल की हलवा ही सगळ्या मराठवाड्याची वस्तू कधीच नव्हती. वेळ अमावास्येला शेतात कडब्याची खोप उभारून आंबील आणि भज्जी खाणाऱ्या बहुसंख्य शेतकरी घरांत संक्रांतीचे गोड म्हणजे तीळ-गुळाचा लाडू, वडी किंवा गुळाची पोळी हेच होते आणि आहे. आठवडाभर निखारे जपण्याची फुरसत आणि साखर जिथे होती, तिथेच काटे फुटले.

पुढे गॅसच्या शेगड्या आल्या, आणि त्यांची आच मध्यभागी तीव्र असल्याने परातीखाली जाड तवा ठेवण्याची युक्ती रूढ झाली, पण राखेखालच्या निखाऱ्याची सर तिला येत नाही. आज मिठाईच्या दुकानांत मिळणारा हलवा फिरत्या यंत्रात चढवलेला असतो, रंगीत असतो, दाणे एकसारखे असतात आणि काटे बहुधा बोथट असतात. दागिने मात्र अजून हातानेच ओवावे लागतात, आणि नांदेड-लातूरच्या कॉलन्यांतून डिसेंबरपासून ते करून विकणाऱ्या स्त्रियांना त्यातून दोन पैसे मिळतात, ही जमेची बाजू आहे. घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांनी पहिल्या खेपेस तीळ न घेता खसखस घ्यावी, कारण तिचा दाणा गोल असल्याने पाक सारखा बसतो. एका वेळी मुठीपेक्षा अधिक दाणे परातीत टाकू नयेत, तयार हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि आभाळ भरून आलेले असेल त्या दिवशी शेगडी पेटवूच नये.