गालिच्याची पाठ

चहाचा कप कलंडला तो थेट सासूबाईंच्या गालिच्यावर. सासरे बनारसला नोकरीत असताना भदोहीहून आणलेला, मरून रंगाचा, कडेला निळी वेल आणि पांढरी फुलं. आईंनी तो तीस वर्षं जिवापाड जपलेला. चहा नुसता कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी घाईघाईनं ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं आणि तळहाताएवढा डाग ताटलीएवढा झाला.

दुकानात कार्पेट शॅम्पूच्या तीन तऱ्हा. एक पाण्यात मिसळायचा, एक नुसता फवारायचा, एक मशीनमध्ये घालायचा. काही उमजेना. भरपूर फेस येईल असं लिहिलेली बाटली उचलली. दोन झाकणं सांगितली होती, मी चार घातली. कपडे धुतो तसा गालिचा धुवायचा, एवढीच माझी समज. ब्रशनं घासला, तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. संध्याकाळी बघते तो निळ्या वेलीचा रंग पांढऱ्या फुलांत उतरलेला. त्यात श्रावण. पंख्याखाली चार दिवस गालिचा ओलाच, घरभर ओल्या मेंढरासारखा वास. आई एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज सकाळी येऊन कोपऱ्याला हात लावून बघायच्या, तेवढंच. ते मला फार लागलं.

शेवटी गालिचे धुणाऱ्या एका काकांना बोलावलं. त्यांनी डागाकडे पाहिलंही नाही, आधी गालिचा उलटा केला. "ताई, पहिल्यांदा पाठ बघायची." पाठीवर तीच नक्षी, गाठी मोजता येतील अशी. म्हणजे हातानं गाठी मारलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर आत रबरी गोंद असतो, पाणी मुरलं की तो सुटू लागतो. मग त्यांनी एक धागा उपसून पेटवला. केस जळल्याचा वास आला, बोटांत भुकटी राहिली. लोकर! केसासारखीच तीही प्रथिनाची. कपड्यांच्या पावडरीतला क्षार तिला खरखरीत करतो, आणि डाग काढायला घातलेली काही एन्झाइम्स प्रथिनच फोडतात. माझ्या बाटलीच्या मागं बारीक अक्षरांत होतं, 'सिंथेटिक कार्पेटसाठी'.

पुढच्या खेपेला लोकरीसाठी असं स्पष्ट लिहिलेला, पीएच सातच्या आसपासचा शॅम्पू आणला, आणि थंडीतला कोरडा दिवस धरला. गालिचा आधी पालथा घालून हलक्या हातानं थोपटला. फरशीवर इतकी बारीक रेती पडली की मी बघतच राहिले. ही रेती आत ठेवून पाणी लावलं असतं तर तिचा चिखल झाला असता. मग सुलटा करून व्हॅक्यूम. पांढरा रुमाल शॅम्पूच्या पाण्यात भिजवून एकेका रंगावर दाबून धरला. निळ्याला रुमाल किंचित रंगला, म्हणून तिथं हात आणखी आवरता घेतला. वाडग्यात शॅम्पू घुसळायचा आणि स्पंजवर पाणी नाही, नुसता फेस घ्यायचा. हातभर जागा, लवेच्या दिशेनं. लगेच पिळलेल्या टॉवेलनं पुसून घ्यायचं, कारण मागं राहिलेला शॅम्पू चिकट होतो आणि धूळ धरतो. खालून वारा लागावा म्हणून गालिचा दोन बाकांवर पसरला.

पांढऱ्या फुलांतली निळी झाक गेली नाही. ती आता तशीच राहणार. दुपारी आई आल्या, कोपऱ्याला हात लावला, आणि गालिचा जागेवर अंथरायला दुसरं टोक त्यांनी धरलं.