उंडीच्या तेलाचा साबण

आमच्या कोकणातल्या घरी कपड्यांचा साबण मागीलदारी शिजायचा. समुद्राकाठच्या उंडीच्या झाडाखाली वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या बिया पडत. त्या आम्ही मुलं टोपल्या भरभरून आणायचो. आई त्या फोडून आतला मगज कित्येक दिवस उन्हात घालायची. तो तांबूस, तेलकट झाला की मगच घाण्यावर जायचा. तेल निघायचं हिरवट, दाट, उग्र वासाचं. गावात वीज नव्हती, त्यामुळे पहिला मान दिव्याचा. उरेल ते साबणाला.

तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी कढई चढायची. तापल्या तेलात आई कॉस्टिक सोड्याचं पाणी बारीक धारेनं सोडायची आणि लांब काठीनं ढवळत राहायची. आम्हांला अंगणाच्या कडेपलीकडे यायची बंदी! मिश्रण आधी फाटल्यागत व्हायचं, मग दाटायचं, फुगून वर यायचं आणि शेवटी मेणासारखं चकचकीत होऊन कढईची कड सोडायचं. आई कण जिभेला लावून बघे. चटका बसला की अजून शिजवायचं. मग लाकडी खोक्यात ओतून दोऱ्यानं वड्या पाडायच्या. कॉस्टिक मात्र अंदाजानं पडे, आणि तो अंदाज आईच्या हातांनी सोसला. धुण्याच्या दिवशी तिच्या बोटांची सालं निघत.

आता पुण्यात माझी भाची विजेच्या स्लो कुकरमध्ये साबण शिजवते. एक किलो खोबरेलाला 183 ग्रॅम कॉस्टिक लागतं. ती काट्यावर तोलून 174 घेते, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून कातडीला सुख देतं. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, भांडं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, हे ती प्रत्येकाला बजावते. न शिजवलेला साबण मुरायला चार-सहा आठवडे लागतात. शिजवलेल्यात ते काम आचेवरच उरकतं, थोडे दिवस वाळला की झाला.

साबण तिचाच चांगला, यात मला शंका नाही. आईच्या हाताशी तो काटा असता तर किती बरं झालं असतं! पण भाची साबणात ऑलिव्हचं तेलही घालते, ते परदेशातून येतं, आणि आमच्या उंडीखालच्या बिया तशाच कुजतात. गावी जाल तेव्हा त्या वेचा, वाळवा, घाण्यावर न्या. कॉस्टिक तेवढं तोलूनच घ्या. खोबरेलाचं माप इथे चालत नाही. उंडीच्या तेलाला कॉस्टिक कमी लागतं.