एका वायसरचा हिशेब

लोणी काळभोर येथे पुणे-सोलापूर महामार्गालगत किराणा दुकान असलेल्या एका कुटुंबाच्या मागील अंगणात फियाट पॅलिओ मोटार बरीच वर्षे उभी होती. सोळा झडपांचे १.६ लिटरचे इंजिन आणि सुमारे शंभर अश्वशक्ती! २००१ साली ही मोटार भारतात आली, तेव्हा वेगाच्या हौशी लोकांना तिचे मोठे अप्रूप होते. घरातील वडीलधाऱ्यांना तिचा जिव्हाळा निराळ्या कारणाने होता. १८८२ मध्ये सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली आणि पुढे त्याच कुर्ल्यात पॅलिओही तयार झाली. वाण्याच्या मुलानेही लोखंडाला हात लावावा, असे आजोबा म्हणत, ते याच आधारावर.

चातुर्मासात वडिलांनी ती मोटार हडपसरच्या एका परिचित व्यापाऱ्याला द्यायचे ठरवले. विसार घेतला, सोमवारी सकाळी ताबा द्यायचा शब्दही दिला. तेवढ्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या ध्यानात आले की, उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज वरखाली होतो आणि बॉनेटखालून बारीक सूसू ऐकू येते. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला कडेपाशी केसाएवढी तड गेली होती. तिथून आत शिरणारी हवा मोजली जात नसे, त्यामुळे पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण बिघडत होते. घेणाऱ्याला हे कळले नसते. "ज्याला दिसत नाही, त्याला आपण दाखवायचे," एवढेच वडील म्हणाले. मुलाने नाना पेठेतून जुना पण धड मॅनिफोल्ड आणि नवे गॅस्केट आणले.

रविवारी सकाळी काम सुरू झाले. प्रथम पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवली. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून क्रमांक घातले. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने जुन्या गॅस्केटचे अवशेष पोलादी पात्याने न खरवडता प्लास्टिकच्या पट्टीने सोडवले आणि उघड्या वाटांत स्वच्छ फडके कोंबले. नवा मॅनिफोल्ड बसवताना नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूंना, थोडे थोडे करून टॉर्क पान्याने आवळले. एकच बाजू आधी घट्ट केली तर कड वाकते आणि हवा पुन्हा शिरते.

दुपार कलली तेव्हा सारे जागेवर बसले होते. किल्ली फिरवायची बाकी होती. मुलाने ताटलीत काढून ठेवलेल्या सामानाची यादी पाहिली. नट पुरे भरले, जुना वायसर मात्र एक कमी. अंगणातली खडी चुंबकाने पिंजून काढली, फरशा झाडल्या; वायसर मिळाला नाही. मग त्याला आठवले, जुना मॅनिफोल्ड उचलताना चौथ्या सिलिंडरच्या वाटेतले फडके हात पुसायला क्षणभर काढले होते.

वायसर खडीत गेला असण्याचीच शक्यता अधिक होती. आत असता तर झडपेखालून सिलिंडरमध्ये ओढला गेला असता, पिस्टन फुटला असता, झडपा वाकल्या असत्या. आणि तेही कदाचित हडपसरच्या वाटेवर. पुन्हा उघडावे तर दिवस पुरणार नव्हता. चातुर्मासात दिवा लावून अंगणात काम करायचे नाही, दिव्यावर जीव येऊन जळतात, हा आईचा दंडक होता. म्हणजे सोमवारचा शब्द मोडणार. तीस वर्षांत वडिलांची दिलेली मुदत चुकली नव्हती.

"बाबा, एक वायसर जुळत नाही," मुलगा म्हणाला.

वडिलांनी मोटारीकडे पाहिले, मग मावळतीकडे. "रोजमेळात एक रुपया कमी आला, तर आपण दुकान बंद करून घरी येतो का रे?" त्यांनी स्वतःच फोन उचलला. समोरून चार शब्द ऐकावे लागले, ते त्यांनी ऐकून घेतले. सूर्यास्तापूर्वी जेवण झाले आणि नंतर दोघे प्रतिक्रमणाला बसले.

सोमवारी उजेड पडताच मॅनिफोल्ड पुन्हा उतरवला गेला. चौथ्या वाटेत, झडपेच्या मागच्या खोलगट जागी, वायसर आडवा पडला होता. लांब दांडीच्या चुंबकाला तो टक् करून चिकटला. मुलाने तो तळहातावर घेतला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. पुन्हा नवे गॅस्केट आणावे लागले. संध्याकाळच्या आत इंजिन एका संथ सुरात चालू लागले.

मंगळवारी ग्राहक आले. वडिलांनी तडकलेला मॅनिफोल्ड समोर ठेवला, वायसरची हकिकतही सांगितली. ग्राहक अखेर व्यापारीच. इंजिन उघडले गेले या सबबीवर त्यांनी ठरल्या किमतीतून पाच हजार कमी करून मागितले. वडिलांनी घासाघीस केली नाही. त्या रात्री वहीत मोटारीची रक्कम जमा झाली आणि तिच्याखाली सूट म्हणून पाच हजार लिहिले गेले. वडील वही मिटू लागले, तेव्हा मुलाने तिच्यात दोन्ही गॅस्केटांचा खर्चही मांडायला लावला. रोजमेळ जुळला.